एकोणीस ओळी

रायबंदरच्या फेरीत स्कूटर स्टँडवर लावून
मी पुन्हा एकदा तो कागद उघडला.
वेर्ण्याच्या कंपनीचा, चौदा पानांचा,
आणि चौदाही पानांत मागणं एकच:
तुमचा प्रोग्राम आम्हाला द्या,
त्याची अट मात्र देऊ नका.

प्रोग्राम तो केवढा!
चंद्र, तारीख, मांडवीचं पाणी,
मानशीच्या फळ्या कधी उचलायच्या, कधी टाकायच्या,
एवढंच सांगणारा.
सात वर्षांपूर्वी म्हापशाच्या भाड्याच्या खोलीत लिहिला
आणि मोकळा सोडला, कॉपीलेफ्टच्या बोलीवर:
घ्या, मोडा, जोडा, विकासुद्धा,
फक्त पुढे द्याल तेव्हा
आतला कोडही द्या, आणि हीच अट द्या.
बांधावरून जाणाऱ्यानं
बांधाला ओंजळभर चिखल लावून जावं, तसं.

कंपनीला तो डबीत घालून विकायचा होता,
कोळंबीच्या तळ्यांना, सील लावून.
वकील म्हणाला, सोपं आहे.
मालक तुम्ही. एका हातानं गावाला दिलंत
ते गावाकडेच राहील, कोणी काढून घेत नाही.
दुसऱ्या हातानं तेच आम्हाला द्या,
वेगळ्या परवान्यावर, पैसे घेऊन.
कोड एक, परवाने दोन.
यात चोरी नाही, मॅडम.

चोरी नव्हतीच.
लाज वाटत होती ती सर्व्हरच्या बिलाची,
तीन महिने ते माझी बहीण भरत होती.

अडलं ते दोनशे बाराव्या ओळीपाशी.
तिथून एकोणीस ओळी माझ्या नाहीत.
इझिल्दा कुलासो, चोडण.
एका रात्री तिनं पाठवल्या, सोबत एक वाक्य:
तुझी भरती आमच्याकडे पन्नास मिनिटं आधीच येते.
मी त्या घेतल्या, माझ्याच अटीवर.
म्हणजे त्या एकोणीस ओळींपुरती
मीही घेणाऱ्यांतली एक,
मालकीण नव्हे.

ती बाल्कांवात बसून तिसऱ्या फोडत होती.
हात पुसले नाहीत. कागद मीच धरला, पानंही मीच उलटली.
तिनं सही करावी, असं फेरीत ठरवलं होतं,
नाही म्हणाली तर बरं, असंही.

"मानशीची पावणी व्हायची," ती म्हणाली, "दर वर्षी.
पप्पा बोली लावायचा.
रात्रीचं जाळं त्याचं, मासे त्याचे,
पैसे जायचे बांधाला.
कोणाला वावगं वाटलं नाही."
मग विकू म्हणतेस?
"तो मासे विकायचा, बाय. फळ्या नाही."

मग सुरीनंच खाडीकडे दाखवलं.
मानशीच्या खांबावर पप्पानं पाडलेल्या खाचा,
त्याखाली कोणा कायतानाच्या,
त्याखालच्या कोणाच्या ते तिलाही माहीत नाही.
आकडे तिथले.
"सही मी कोणाकोणाच्या नावानं करू?"

त्या रात्री मी एकोणीस ओळी काढल्या.
उरलं ते सगळं माझं होतं. तेच विकलं.
पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं:
खाडीच्या आत, वरच्या अंगाला,
हा प्रोग्राम पन्नास मिनिटं चुकतो.
त्यांचं उत्तर आलं, गिऱ्हाइकाची तळी दुसरीकडे आहेत,
चोडणशी आमचं काय काम.

पैसे आले. बहिणीचे फेडले.
उरल्यातून दोन होड्या चिखल,
इझिल्दाच्या वाड्याकडच्या खिंडाराला.
तिनं पावती मागितली, मी दिली.

मार्गशीर्षात एका अमावस्येला फोन वाजला.
त्यांचा इंजिनिअर, आवाज तरुण, दमलेला.
मोकळ्या प्रतीत काही ओळी जास्त दिसतात,
दोनशे बारापासून,
त्या घेतल्या तर चालेल का?

घ्या की, म्हटलं. सगळ्यांसाठीच आहेत.
वरची अट तेवढी वाचा.

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.
मागे कुठेतरी पंप चालू होता,
पाणी उपसत.